दिवा कुणी बनवला? जुन्या अमेरिकी काचेच्या दिव्यांची ओळखपरेड

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिकडे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं पुष्कळदा अख्खं घर विक्रीसाठी उघडं ठेवतात आणि कपबशांपासून कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात. याला 'इस्टेट सेल' म्हणतात. गेल्या वर्षी कनेक्टिकटमधल्या अशाच एका घरातून ताईनं टेबलावरचा एक दिवा उचलला. मधाच्या रंगाच्या काचेचे सहा बाकदार तुकडे, त्यांना धातूच्या नक्षीची चौकट आणि खाली चांगली वजनदार बैठक. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जुना टिफनी दिवा'. रात्री तिनं व्हिडिओ कॉलवर तो लावून दाखवला. सगळी खोली काकवीच्या रंगात न्हाली होती. मग तिनं हळूच विचारलं, "खरंच टिफनीचा असेल का गं?"

मी बरीच वर्षं जुन्या दिव्यांच्या नादी लागलेली आहे आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मोबाइलवर अशा 'सापडलेल्या खजिन्या'चे व्हिडिओ फिरत असतात, अमेरिकेतले नातेवाईक फोटो पाठवतात, आणि हल्ली तर रंगीत काचेचा कुठलाही दिवा दिसला की हेच नाव ओठांवर येतं. तेव्हा एकदा नीट, पहिल्यापासून सांगते.

'टिफनी' हे नाव आधी बाजूला ठेवूया

पैठणी म्हणून विकली जाणारी प्रत्येक साडी येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावरची नसते, हे आपल्याला माहीत आहे. मोर आणि काठ पाहून आपण पैठणी म्हणतो. ती कुणी विणली, हे साडी उलटी केल्याशिवाय कळत नाही. टिफनीचं तेच झालंय.

लुई कम्फर्ट टिफनी (1848–1933) हा न्यूयॉर्कचा चित्रकार आणि काचकलावंत. वडील चार्ल्स टिफनी यांनी 1837 मध्ये काढलेल्या दुकानाची पुढे जवाहिऱ्याची पेढी झाली होती. मुलानं काचेची वाट धरली. क्वीन्समधल्या कोरोना भागात त्याच्या भट्ट्या होत्या. रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेल्या त्याच्या दिव्यांना इतकं नाव मिळालं की पुढे तुकड्यांच्या काचेचा कुठलाही दिवा 'टिफनी' ठरला. त्याचा कारखाना 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळखोरीत बंद पडला, तरी 'टिफनी पद्धतीचे' दिवे आजही नवेकोरे बनतात आणि विकले जातात.

म्हणून 'टिफनी आहे की नाही' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. 'नाही' असं उत्तर आलं की लोक दिवा कोपऱ्यात सारतात. त्या काळात अमेरिकेत दिव्यांचे कितीतरी कारखाने होते आणि त्यांतल्या काहींचं काम बघताना आजही श्वास रोखला जातो. टिफनी नाही, तर मग कोण, हे शोधण्यातच खरी गंमत आहे.

दिवा म्हणजे समई

घरातली समई आठवा. बैठक, दांडी, तेलाची थाळी, वरचा मोर. सगळं आट्यांवर फिरवून सुटं होतं. दिवाळीत दोन समया एकत्र घासायला घेतल्या की एकीचा मोर दुसरीवर बसतो, आणि पुढच्या पिढीला तीच मूळ जोडी वाटते.

अमेरिकी दिवा अगदी असाच आहे. रॉकेलच्या दिव्यात खाली पाया, त्यावर तेलाची काचेची टाकी, टाकीच्या तोंडाशी प्लास्टरनं चिकटवलेली पितळी कडी, त्या कडीत फिरवून बसवायचा बर्नर, बर्नरवर चिमणी म्हणजे उभी काच, आणि हौस असेल तर वर छत्री. विजेच्या दिव्यात बैठक, दांडी, बल्बची खोबण आणि छत्री. यातला प्रत्येक भाग वेगळ्या कारखान्यातून आलेला असू शकतो, तोही दिवा नवा असतानाच! काचवाला टाकी करी, पितळवाला बर्नर, आणि दुकानदार दोन्ही जुळवून विके. त्यानंतरच्या शंभर वर्षांत चिमण्या फुटल्या, बर्नर गंजले, तेलाच्या दिव्यांत वीज घातली गेली.

त्यामुळे पहिला नियम असा, की संपूर्ण दिव्याला 'तू कुणाचा' असं विचारायचं नाही. एकेका भागाला वेगवेगळं विचारायचं. मग सगळ्या साक्षी एकमेकींशी जुळतात का ते बघायचं.

'पण नाव तर लिहिलंय की त्यावर!'

लिहिलेलं असतं, पण कुणाचं? आपल्याकडे जुन्या पातेल्यावर नाव घातलेलं असतं ते देणाऱ्याचं किंवा घरमालकाचं. त्यावरून पातेलं कुठल्या तांबटानं ठोकलं ते कळत नाही.

रॉकेलच्या दिव्यात वात वरखाली करायची छोटी चकती असते. तिच्यावर भिंग धरलं तर बारीक अक्षरं दिसतात: 'प्लूम अँड अॅटवुड', 'स्कोव्हिल', 'एडवर्ड मिलर'. विकणारे बेधडक सांगतात, 'हा प्लूम अँड अॅटवुडचा दिवा'. पण ती कनेक्टिकटमधली पितळेची कंपनी होती. तिनं बर्नर केला. खालची काचेची टाकी दुसऱ्याच कुणाची. बर्नर फिरवला की निघतो आणि ठरावीक मापाचा असल्यानं त्याच मापाच्या दुसऱ्या टाकीवर चपखल बसतो. म्हणजे बर्नरवरचं नाव फक्त बर्नरपुरतं खरं.

'रेयो' हे आणखी एक नाव फार भेटतं. ते स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचं विक्रीचं नाव. दिवा स्वस्तात घरोघर गेला की रॉकेल खपणार, असा साधा हिशोब. हे दिवे बनवायचे मात्र दिव्यांचे कारखाने. स्टँडर्ड ऑइलचं रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून आपल्या किनाऱ्यालाही लागलं, आणि तेल संपल्यावर ते डबे पाणी भरायला, धान्य ठेवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

मंगळवारची खूण

कर्त्याचं नाव नसलं तरी पुष्कळ दिव्यांवर पेटंटची तारीख असते, आणि माझ्या मते हाती लागणारा सर्वांत भरवशाचा धागा तोच. पेटंट म्हणजे नव्या युक्तीवर सरकारनं दिलेला ठरावीक मुदतीचा हक्क. अमेरिकेचं पेटंट कार्यालय 19व्या शतकाच्या मध्यापासून पेटंटं मंगळवारीच देत आलं आहे. त्यामुळे काचेवर किंवा पितळेवर पुसट तारीख दिसली आणि एखादा आकडा लागेना, तर त्या काळातलं कॅलेंडर काढून मंगळवार कुठला पडतो ते बघायचं. मी कितीदा तरी '3 की 8' असले वाद असे मिटवलेत.

उदाहरण म्हणून पिट्सबर्गच्या डी. सी. रिप्ले यांचा 'लग्नाचा दिवा' घ्या. मधोमध काड्यांची जागा आणि तिच्या दोन बाजूंना दोन तेलाच्या टाक्या, दोन वाती. त्यावर 1 फेब्रुवारी 1870 ही तारीख काचेतच उठवलेली असते. तो मंगळवार होता. पिट्सबर्गच्याच अॅटरबरी कंपनीच्या दिव्यांवर 29 सप्टेंबर 1868 दिसते, तोही मंगळवार. तारीख मिळाली की त्या दिवशीच्या पेटंटांच्या यादीतून दिव्याचं पेटंट शोधायचं. जुन्या पेटंटांची चित्रं आज इंटरनेटवर फुकट बघता येतात. चित्रातला दिवा आणि टेबलावरचा दिवा शेजारी ठेवून बघताना होणारा आनंद काही वेगळाच!

कधी तारखेऐवजी नुसता क्रमांक असतो. अमेरिकेनं क्रमांकांची आजची मालिका 1836 मध्ये सुरू केली आणि 1911 मध्ये दहा लाखावं पेटंट दिलं. म्हणजे 9 लाख 79 हजार असा क्रमांक दिसला तर तो 1910 च्या अखेरीचा. फक्त एक लक्षात ठेवायचं. पेटंटची तारीख 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. तोच दिवा पुढे वीस वर्षं बनत राहिलेला असू शकतो.

त्याहून जुने दिवेही भेटतात. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी 1859 मध्ये एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं आणि त्यानंतर रॉकेल स्वस्त झालं. त्याआधी देवमाशाच्या तेलाचे दिवे असत. त्यांच्या टोपणात वातीसाठी दोन आखूड सरळ नळ्या, आणि चिमणी नाही. नळ्या लांब आणि एकमेकींपासून फाकलेल्या असतील, तर तो टर्पेंटाइन-मद्यार्काच्या मिश्रणावर जळणारा दिवा. हे मिश्रण भयंकर पेट घेई, म्हणून ज्योती टाकीपासून आणि एकमेकींपासून दूर ठेवलेल्या.

साचा सासरी जातो, तशी नक्षीही जाते

'नक्षी अगदी पुस्तकातल्यासारखीच आहे, म्हणजे कारखाना तोच ना?' नाही. रॉकेलच्या दिव्यांच्या टाक्या बहुतेक लोखंडी साच्यात दाबून किंवा फुंकून केलेल्या. साचा ही महागाची वस्तू. मोदकाचा साचा आईकडून लेकीकडे, लेकीकडून नणंदेकडे फिरतो आणि मोदक तसाच निघतो, तसं इथं झालं. 1891 मध्ये 18 काचकारखाने एकत्र येऊन 'युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनी' झाली. कालपर्यंत एकाच्या भट्टीवर असलेला साचा उद्या दुसऱ्या राज्यातल्या भट्टीवर! वेस्ट व्हर्जिनियातल्या 'एल. जी. राइट' कंपनीची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. तिची स्वतःची भट्टीच नव्हती. जुने-नवे साचे बाळगायचे आणि फेंटनसारख्या कारखान्यांकडून काच ओतून घ्यायची. त्यामुळे 19व्या शतकातल्या नक्षीचा दिवा 1960 मधलाही असू शकतो.

मग जमिनीत पुरावा शोधायचा का? तेही झालं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावात 1825 ते 1888 एक मोठा काचकारखाना होता. त्याच्या जागेवर पुढे काचेचे ढीगभर तुकडे उकरून निघाले आणि 'तुकडा सापडला, म्हणजे दिवा सँडविचचा' असं बरेच दिवस मानलं गेलं. पण काचकारखाने बाहेरची फुटकी काच विकत घेऊन भट्टीत टाकतात. तिनं नवा माल लवकर वितळतो. म्हणजे उकिरड्यातला तुकडा शेजारच्या गावच्या कारखान्याचाही असू शकतो. एकच तुकडा सापडला तर तो संशयित. एकाच नक्षीचे शेकडो तुकडे आणि त्यांत अर्धवट बिघडलेले नगही सापडले, तर साक्ष पक्की. कारण बिघडलेला माल दुसऱ्या गावाहून कुणी मागवत नाही.

मेरिडेन: एका गावातले तीन कारखाने

आता विजेच्या दिव्यांकडे येते, आणि इथं मला थोडं रेंगाळायचं आहे. कनेक्टिकटमधलं मेरिडेन हे गाव चांदीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिथंच एडवर्ड मिलर, ब्रॅडली अँड हबर्ड आणि हँडेल हे तिघंही होते. धातूकाम गावाच्या हातात बसलेलं, त्यामुळे तिघांच्या बैठका वजनदार आणि रेखीव.

ताईच्या दिव्यासारखे, मोठे बाकदार काचतुकडे ओतीव चौकटीत बसवलेले दिवे या गावानं भरपूर केले. त्या काचेला बाजारात 'स्लॅग' म्हणतात. दुधात केशर ढवळावं तसे तिच्यात पांढरे आणि रंगीत पट्टे मिसळलेले असतात. काच धातूच्या नक्षीमागे नुसती टेकवून छोट्या पट्ट्यांनी अडकवलेली असेल, तर तो टिफनीच्या प्रसिद्ध तुकडेजोड दिव्यांच्या जातीचाच नाही. ब्रॅडली अँड हबर्डची खूण बहुधा बैठकीच्या पोटाशी असते: एक त्रिकोण, त्यात जुन्या धाटणीचा तेलाचा दिवा आणि भोवती कंपनीचं नाव.

हँडेलची छत्री मात्र हातात घेऊनच बघायला हवी. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा बोटांना वाटलं, हिवाळ्यात खिडकीवर गोठलेल्या दवावरून हात फिरतोय. छत्रीच्या बाहेरच्या अंगावर बर्फाच्या पाकळ्यांसारखी खरखर असते. ती करायची तऱ्हा अशी: काच आधी वाळूच्या फवाऱ्यानं खरबरीत करायची, तिच्यावर सरस फासायचा आणि छत्री भट्टीत तापवायची. सरस वाळताना आक्रसतो आणि जाता जाता काचेचा पातळ पापुद्रा ओरबाडून नेतो. उन्हात तडकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी नक्षी उरते, आणि कुठल्याही दोन छत्र्यांवर ती सारखी नसते. या तऱ्हेचं पेटंट क्रमांक 979664, छत्रीच्या वरच्या धातूच्या कड्यावर 'हँडेल लॅम्प्स' या शब्दांसोबत ठोकलेलं सापडतं. डिसेंबर 1910, पुन्हा मंगळवार.

चित्र बाहेरून नाही, आतून काढलेलं असतं. जुन्या देवघरांत काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेली देवांची चित्रं पाहिली असतील, तोच प्रकार. असं रंगवताना क्रम उलटा होतो: समोरून जे सर्वांत पुढे दिसणार ते आधी, आकाश शेवटी. दिवा बंद असताना छत्री फिकट वाटते. लावली की झाडांमागे संध्याकाळ उतरते. आतल्या कडेला, अगदी खाली, 'हँडेल', चार आकडी क्रमांक आणि कधी रंगवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. सोनाराकडचं दहापट भिंग घ्या आणि रंगावर धरा. ब्रशचे फराटे दिसले तर बरं. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे.

देवमाशाच्या गावातली फुगीर फुलं

मॅसॅच्युसेट्समधलं न्यू बेडफर्ड हे एके काळी देवमाशांच्या शिकारीचं बंदर. अर्ध्या जगाचे दिवे त्याच्या तेलावर जळत. रॉकेलनं तो धंदा बसवला, आणि त्याच गावात पुढे पेअरपॉइंट कंपनीनं विजेच्या दिव्यांच्या छत्र्या केल्या. तिच्या 'पफी' छत्र्या ओळखायला सोप्या आहेत. काच साच्यात फुंकलेली, त्यामुळे गुलाब, फुलपाखरं, सफरचंदं छत्रीतून अक्षरशः फुगून बाहेर आलेली, आणि रंग आतून. बऱ्याच छत्र्यांवर 9 जुलै 1907 ही पेटंटची तारीख आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं. बैठकीखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात 'पी' हे अक्षर. छत्री आणि बैठक दोन्ही पेअरपॉइंटच्या मिळाल्या तर देव पावला म्हणायचं.

आता टिफनीकडे

खऱ्या टिफनी दिव्यात काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि पट्ट्या एकमेकींना डाक देऊन जोडलेल्या असतात. या पद्धतीनं नखाएवढे तुकडेही जोडता येतात. म्हणून पाकळीला पाकळीसारखी वळणं मिळतात. छत्रीच्या आतल्या कडेला बारीक धातूची पट्टी आणि तिच्यावर 'टिफनी स्टुडिओज न्यूयॉर्क'. बैठकीखाली तोच ठसा आणि मॉडेलचा क्रमांक. फुंकलेल्या छोट्या छत्र्यांवर 'एल. सी. टी.' अशी कोरीव अक्षरं.

पण ठसा पहिल्यांदा बघू नका, शेवटी बघा. बनावट ठसा करणं सर्वांत सोपं, बाकीचं अवघड. आधी बैठक. ती धातूची असेल तर काशाची असायला हवी. चुंबक चिकटला तर लोखंड आहे आणि विषय तिथंच संपतो. मग काचेची निवड बघा. हिरवं पान करताना कारागिरानं काचेच्या पत्र्यातला असा भाग निवडलेला दिसतो, की पट्टे पानाच्या शिरेच्या दिशेनं जातात. उन्हाची बाजू पिवळट, सावलीची निळसर. नकली दिव्यात पान हिरव्या काचेचं असतं, बस. हा फरक एकदा डोळ्यात बसला की ठशाची गरज उरत नाही.

काचेच्या रंगावरून मात्र निकाल देऊ नये. टिफनीच्या स्वतःच्या भट्ट्या होत्याच, शिवाय इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावच्या कारखान्याकडूनही तो काच घेई. तो कारखाना 1888 पासून आजतागायत चालू आहे. म्हणजे काल बनलेल्या दिव्यातही त्याच भट्टीची काच असू शकते.

आणि इथं 'कुणी बनवला' हा प्रश्न आणखी एक पायरी खाली जातो. किती तरी वर्षं हे सगळे दिवे लुई टिफनीच्याच कल्पनेतले मानले जात. मग क्लारा ड्रिस्कॉल या बाईनं घरी लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती आली. ही टिफनीच्या कारखान्यातल्या काच कापणाऱ्या मुलींच्या विभागाची प्रमुख. पत्रांतून उलगडलं, की चतुराचा दिवा, निळ्या-जांभळ्या घोसांचा विस्टेरियाचा दिवा आणि असे कितीतरी तिच्या डोक्यातून उतरले होते. चतुराचा दिवा 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गाजला. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेनं या बायकांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जगाला हे कळलं. विस्टेरियाच्या एका छत्रीत जवळजवळ दोन हजार तुकडे आहेत; एकेक तुकडा कुण्या मुलीनं उजेडासमोर धरून निवडलेला. कारखान्याचा नियम असा, की लग्न ठरलं की नोकरी सुटली. पट्टीवर यांतल्या एकीचंही नाव नाही. मला हे वाचल्यापासून त्या पट्टीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

'खूण कुठंच नाही, म्हणजे भंगार?'

मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या डफनर अँड किंबर्ली कंपनीनं 20व्या शतकाच्या पहिल्या दशकात टिफनीच्या तोडीचे दिवे केले आणि त्यांतले पुष्कळसे बिननावाचे आहेत. फेंटननं 1907 पासून काच केली. काचेत आपलं नाव लंबगोलात उठवायला सुरुवात केली 1970 मध्ये. म्हणजे फेंटनच्या बाबतीत नाव नसणं हीच जुनेपणाची खूण! शिवाय कागदी लेबलं धुतली जातात, कापडी बिल्ले गळतात, आणि बैठकीखाली चिकटवलेल्या हिरव्या बनातीखाली ठसे झाकले जातात.

'आणि सही असली तर?'

तर ती किती ताजी आहे ते बघा. टिफनीकडून बाहेर पडलेल्या मार्टिन बाखनं 1901 च्या सुमारास 'क्वेझल' ही कंपनी काढली. कॉर्निंग गावात फ्रेडरिक कार्डरच्या देखरेखीखाली 'स्टूबेन'च्या छत्र्या झाल्या. तिघांच्या छोट्या सोनेरी छत्र्या शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांची गफलत होते, आणि म्हणूनच बिनसहीच्या छत्रीवर नंतर कुणीतरी सही कोरण्याचा मोह होतो. जुन्या सहीवरून शंभर वर्षांचे बारीक ओरखडे गेलेले असतात. नवी सही त्या ओरखड्यांना कापून जाते. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं.

दोन सोप्या चाचण्या घरीही होतात. एक, स्क्रू बघा. डोक्यावर फुलीची खाच असलेला, आपण ज्याला स्टार स्क्रू म्हणतो तो, 1930 च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला. '1905 चा दिवा' म्हणून दाखवलेल्या वस्तूत तो असेल, तर निदान तेवढी दुरुस्ती नंतरची. दोन, अंधारात अतिनील टॉर्च मारा. काही जुन्या काचांत युरेनियम असे. ती पोपटी चमकते. अॅलॅडिन कंपनीच्या हस्तिदंती रंगाच्या 'अॅलॅसाइट' दिव्यांत सुरुवातीचे चमकतात, नंतरचे नाही. पण चमक म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे. युरेनियमची काच आजही बनते.

घासू का? वायर बदलू का?

घासू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याला पितळ पितांबरीनं लख्ख करायची सवय आहे. काशाच्या बैठकीवरचा तपकिरी-हिरवट थर कारखान्यानं मुद्दाम चढवलेला असतो. तो गेला की किंमतही जाते आणि पुरावाही. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटकली की पुरे. हँडेल आणि पेअरपॉइंटच्या छत्र्या आतून ओल्या फडक्यानंही पुसू नका, रंग आतच आहे.

वायर मात्र अवश्य बदला. शंभर वर्षांपूर्वीच्या वायरचं आवरण हाताला भुगा होऊन लागतं. भारतात आणणार असाल तर तिकडचे 120 व्होल्ट आणि इकडचे 230. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून खोबण आणि वायर दोन्ही नवी घालून घ्या. काढलेली जुनी खोबण फेकू नका. तिच्यावरही बहुधा 'हबेल' किंवा 'ब्रायंट' अशी नावं आणि पेटंटच्या तारखा असतात. पिशवीत घालून दिव्याबरोबर ठेवा.

किमतीचं म्हणाल, तर 2018 मध्ये टिफनीचा कमळाचा एक दिवा न्यूयॉर्कच्या लिलावात 30 लाख डॉलरच्या वर गेला. असे नग विरळा, आणि ते इस्टेट सेलमध्ये चिठ्ठी लावून पडलेले नसतात.

ताईचा दिवा

ताईला मी सांगितलं, दिवा बंद कर, थंड होऊ दे, मग उलटा कर. खाली हिरवी बनात होती. तिनं बटर नाइफनं तिची एक कड हलकेच उचलली. धुळीतून आधी त्रिकोणाचं एक टोक आलं, मग मधला छोटा तेलाचा दिवा. ब्रॅडली अँड हबर्ड. बैठक मेरिडेनचीच, जिथून तो दिवा घेतला त्याच राज्यातली.

मग छत्री. चौकटीत आतून-बाहेरून एकही खूण नाही. आणि छत्रीचं वरचं कडं दांडीवर नीट बसत नव्हतं. मध्ये कुणीतरी पत्र्याची एक चकती घालून ते घट्ट केलेलं. चकतीचा स्क्रू फुलीच्या खाचेचा. काचही बघितली: पाच तुकडे एका पत्र्यातले, सहावा किंचित लालसर, कधीतरी फुटून बदललेला.

"म्हणजे खालचा एकाचा, वरचा भलत्याचाच," ताई म्हणाली. थोडा वेळ ती गप्प बसली. मग उठून तिनं पेन्सिल आणली, दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि टेप लावून एक बनातीखाली आणि दुसरी कड्याच्या आत चिकटवली. पहिलीवर कारखान्याचं नाव. दुसरीवर नुसतं 'छत्री नंतरची, सहावी काच बदललेली' आणि त्याखाली त्या दिवशीची तारीख.